‘काही शंका?’ विचारल्यावर थांबायलाही शिकवा : निवृत्तीपूर्व प्रशिक्षण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सैन्यदलांच्या निवृत्तीपूर्व प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणारे अधिकारी आणि प्रशिक्षक यांस,

स.न.वि.वि.

मी २४ वर्षं गणवेशात काढली. गेली ६ वर्षं एका मालवाहतूक कंपनीच्या मोठ्या गोदामाचा प्रमुख म्हणून काम करतो आहे. गणवेश उतरवण्यापूर्वी तुम्ही आखता तसाच एक अभ्यासक्रम मीही पूर्ण केला होता. बायोडेटात हुद्द्यांची जंत्री न देता केलेलं काम कसं मांडायचं, मुलाखतीत पगाराचं बोलणं कसं काढायचं, ताळेबंद कसा वाचायचा, हे सगळं तिथं मन लावून शिकवलं गेलं. नोकरी मिळाली ती त्याच शिकवणीच्या जोरावर, आणि त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण पहिल्याच वर्षात माझ्या हाताखालची चार चांगली माणसं नोकरी सोडून गेली. त्यांतली निदान दोघं माझ्यामुळे गेली. असं का झालं हे उमगायला मला फार वेळ लागला. जे उमगलं त्यातलं बरंचसं तुमच्या वर्गात काही दिवसांत शिकवता येईल अशी माझी खात्री आहे, म्हणून हे पत्र.

पलटणीत ऑर्डर सांगून झाली की शेवटी एक प्रश्न असतो : ‘काही शंका?’ कोणी बोललं नाही तर सगळ्यांना समजलं असं धरायचं आणि कामाला लागायचं. तिथली ती शांतता भरवशाची असते. ज्याला कळलेलं नसतं तो हात वर करतोच, कारण न कळता पुढे गेलो तर शेजारच्याचा जीव जाईल हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. शिवाय रात्री सार्जंट तंबूतंबूतून फिरतो आणि चारचौघांत जे विचारलं गेलं नाही ते त्याच्या कानावर येतं. सकाळपर्यंत ते माझ्यापर्यंत पोचतं. म्हणजे समोर शांतता असली तरी मागच्या दाराने बोलणं चालूच असतं.

गोदामात रुजू झाल्यापासून मी रोज सकाळी पावणेसहाला उभ्या उभ्या बैठक घ्यायचो. दिवसाचं काम सांगायचो, ‘काही शंका?’ विचारायचो, शांतता पाहून समाधानाने निघायचो. तिसऱ्या महिन्यात मी गाड्या भरण्याचा क्रम बदलला. जड माल आधी, तोही सगळा तीन नंबरच्या धक्क्यावरून, कारण तो फाटकाला जवळचा होता. कागदावर हिशेब चोख होता. बाराव्या दिवशी त्या धक्क्याची लोखंडी पाटी फोर्कलिफ्टच्या वजनाखाली एका बाजूने दबून अडकली आणि अकरा गाड्या दुपारपर्यंत खोळंबून राहिल्या. कोणाला इजा झाली नाही हे नशीब.

गोदामातल्या सर्वांत जुन्या फोर्कलिफ्ट चालकांना सगळे मामा म्हणतात. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “मामा, ही पाटी दबते हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो सर. सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून तर तिथून सलग जड माल कधी चढवत नाहीत.”

“मग बोलला का नाहीत? मी रोज विचारतो.”

मामा जरा थांबले. मग म्हणाले, “विचारता सर. पण ‘शंका’ म्हणेपर्यंत तुमची फाइल बंद झालेली असते.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी स्वतःच्या हातांवर नजर ठेवली. ‘काही’ म्हणताना उजव्या हाताने पेनाला टोपण लावलं. ‘शंका’ म्हणताना डाव्या हाताने फाइल मिटली आणि काखेत गेली. पाय वळलेले होते. समोर तेरा माणसं उभी होती. त्या सगळ्यांनी रोज हे पाहिलं होतं, आणि प्रश्न संपला आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. न कळणारा मी एकटाच होतो.

या गोष्टीला आज शास्त्रात नाव आहे. पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशातून येतात नि कशात बदलतात हे समजणं, आणि त्या हाताळणं, अशी चार अंगांची ती क्षमता आहे असं त्यांनी पुढे स्पष्ट केलं. १९९५ नंतर डॅनियल गोलमन यांच्या लेखनामुळे हा शब्द कंपन्यांच्या तोंडी बसला. फौजेतून आलेल्या माणसाला मात्र तो ऐकताच अंग चोरावंसं वाटतं. मलाही वाटायचं. कोणीतरी आपल्याला मऊ व्हायला सांगतो आहे असं वाटायचं.

त्यात दोन चुका आहेत. पहिली चूक म्हणजे ही क्षमता आपल्यात नाही असं समजणं. घरापासून दूर असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने जेवण टाकलं की घरून पत्र कसलं आलं असेल याचा अंदाज बांधणारा सार्जंट मी पाहिला आहे. गस्तीवर निघताना कोण गरजेपेक्षा जास्त बोलतो आहे आणि कोण एकदम गप्प झाला आहे यावरून कोणाला मधे ठेवायचं हे ठरवणारे तुकडीप्रमुख पाहिले आहेत. ही माणसं वाचण्याचीच विद्या आहे आणि ती उच्च प्रतीची आहे. दुसरी चूक, जी मी केली, ती म्हणजे ही विद्या जशीच्या तशी बाहेर चालेल असं धरणं. खुणा बदलतात. तीच शांतता, तोच ‘हो सर’, तोच ताठ उभा असलेला माणूस, पण अर्थ दुसरा. भाषा बदलली आहे हे कोणी सांगितलंच नाही तर माणूस जुन्याच कोशात अर्थ बघत राहतो.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९५२ साली, पुढे जनरल आयझेनहॉवर अध्यक्ष झाले तर काय होईल याबद्दल बोलताना म्हटलं होतं की ते इथे बसून ‘हे करा, ते करा’ म्हणतील आणि काहीही होणार नाही. हे लष्करासारखं नसेल, असं ट्रुमन यांचं म्हणणं. ही आठवण रिचर्ड न्यूस्टाट या अभ्यासकाने नोंदवून ठेवली आहे, आणि आपल्यासारख्यांच्या प्रत्येक चर्चेत ती कधी ना कधी निघते. पण आयझेनहॉवर यांच्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हाताखाली वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या स्वभावांचे सेनापती होते आणि त्यांतल्या अनेकांना नुसता हुकूम सोडून काम होणार नव्हतं. मन वळवावं लागत होतं. त्यांचा राग मोठा होता आणि तो त्यांना माहीत होता. कोणाचा फार संताप आला की त्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात टाकायचं आणि विषय तिथं संपवायचा, अशी सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. नॉर्मंडीच्या चढाईच्या आदल्या दिवशी, ५ जून १९४४ रोजी, मोहीम फसली तर जाहीर करायचं निवेदन त्यांनी आधीच हाताने लिहून ठेवलं होतं. सैन्याने शक्य ते सगळं केलं, दोष असेल तर तो एकट्या माझा, असा त्याचा आशय होता. आपला राग ओळखून त्याला जागा करून देणं आणि दोष स्वतःकडे घेऊन इतरांची भीती कमी करणं, हे दोन्ही गणवेशातच घडलं आहे. तेव्हा हे आपल्या परंपरेबाहेरचं आहे असं कोणी म्हणू नये.

आता माझ्यामुळे गेलेल्या त्या दोघांपैकी एकीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्याकडून मी जास्त शिकलो.

हिशेब विभागात एक मुलगी होती, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तिच्या नोंदीत दोन खेपांचे आकडे अदलाबदल झाले. मी जाग्यावरच, अकरा जणांसमोर, तिला चूक सांगितली. शिवी नाही, अपमानाचा शब्द नाही. मोठा आवाज, नेमकी चूक, नेमकी दुरुस्ती, दोन मिनिटं. माझ्या लेखी विषय संपला. त्याच दुपारी वरिष्ठांशी बोलताना मी तिचं कौतुकही केलं होतं. नऊ दिवसांनी तिचा राजीनामा आला. कारण : वैयक्तिक.

मी तेव्हा म्हणालो की आजकालच्या पोरांना काही सोसत नाही. हे वाक्य मी आता मागे घेतो, आणि ते म्हणणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला थांबवतो. पलटणीतली झाडणी सोसली जाते ती कातडी जाड असते म्हणून नव्हे. ज्याने सकाळी झाडलं त्याच्याबरोबर संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायचा असतो. त्याच चिखलात तोही झोपलेला असतो. आपली आई आजारी असताना त्यानेच रात्री दोन वाजता रजेच्या कागदावर सही केलेली असते. त्या दोन मिनिटांच्या आवाजाखाली तीन वर्षांचं एकत्र जगणं असतं, आणि आवाज तेवढाच असला तरी त्याला ही जमीन असते. त्या मुलीशी माझं काय होतं? सकाळचा नमस्कार आणि महिन्याचा एक अहवाल. माझा आवाज तिच्यावर नुसता पडला, त्याखाली धरायला काही नव्हतं.

ही जमीन बाहेर आपोआप तयार होत नाही. ती मुद्दाम, रोज थोडी थोडी, वेळ काढून करावी लागते. फौजेत व्यवस्थाच ती करून देते, म्हणून ती कोणी केली हे आपल्या लक्षातही येत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात एकच तास ठेवायची परवानगी असती तर मी तो या गोष्टीसाठी मागितला असता.

दुसरा एक प्रसंग नोकरी सोडून जाण्याचा नाही, पण मला जास्त लागलेला आहे. आमच्या रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाचे वडील वारले. तो मला सांगायला केबिनमध्ये आला. त्याचं वाक्य पुरं होऊन दहा सेकंदही झाले नसतील, मी विचारलं, “किती दिवसांची रजा हवी?” मग मी धडाधड सगळं केलं. गाडी लावून दिली, बदली माणूस लावला, आगाऊ पगाराची व्यवस्था केली. वर्षभराने एकदा गप्पांत तो म्हणाला, “सर, तुम्ही त्या दिवशी सगळं केलंत. पण माझं नाव घेऊन ‘बस जरा’ एवढं म्हणाला असतात तर बरं वाटलं असतं.”

माझा चेहरा त्या दिवशी दगडासारखा होता हे मला माहीत आहे, कारण तो चेहरा मी कमावलेला आहे. एका चौकीवर माझा एक जवान गेला तेव्हा तीस जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कोसळलो असतो तर ती चौकी कोसळली असती. तेव्हा चेहरा स्थिर ठेवणं हे माझं कर्तव्य होतं आणि ते बरोबर होतं. पण गणवेश कपाटात गेला तरी तो चेहरा अंगावरच राहिला. तो काढायचा असतो, निदान कधी काढायचा हे ठरवायचं असतं, हे कोणी बोललं नाही.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९० च्या दशकात यावर प्रयोग केले. लोकांना त्रासदायक चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे शांत राहिले, आतली भावना कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. पुढे २००३ साली एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना मन विषण्ण करणारा माहितीपट दाखवून त्यावर बोलायला सांगितलं. त्यांतल्या काहींना भावना दडवायची सूचना होती. तेव्हा त्यांच्याशी बोलणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचाही रक्तदाब वाढलेला आढळला. हे वाचलं तेव्हा मला तो पर्यवेक्षक आठवला. आपण समजतो की दगडी चेहऱ्याने आपण समोरच्याला आधार देतो. चौकीवर ते खरं होतं, कारण तिथे प्रत्येकाला त्या चेहऱ्यामागचं काय ते ठाऊक होतं. केबिनमध्ये समोरच्याला फक्त दगड दिसतो आणि तो बिचारा आतून ताणला जातो.

यावरचा उपाय रडणं नाही. नाव देणं हा आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की समोर दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव दिलं की मेंदूतल्या ॲमिग्डाला या भागाची, म्हणजे धोक्याला पहिली दाद देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावते. आपल्या माणसाला हे चटकन पटतं, कारण वायरलेसवर आपण हेच करत आलो. गोळीबार सुरू झाला की किंचाळायचं नाही. कुठून, किती, काय, हे सांगायचं. सांगता सांगता माणूस ताळ्यावर येतो. तसंच मनाचं : “मला या क्षणी राग आला आहे, आणि त्याखाली वेळ चुकण्याची भीती आहे.” हे एवढं मनातल्या मनात म्हणायला मी शिकलो, तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला.

भीतीचा उल्लेख केला तर तेही बोलून टाकतो, कारण ते आपण एकमेकांतही बोलत नाही. नव्या जागी आलेला माजी अधिकारी घाबरलेला असतो. धंद्याची परिभाषा येत नाही, ज्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं ते वयाने अर्धे आहेत, आणि खांद्यावर काहीच नाही. घाबरलेला माणूस मूठ आवळतो. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्कराने, विशेषतः मोल्टके यांच्या काळात, एक पद्धत घडवली : काय साधायचं आणि का, ते सांगायचं, कसं करायचं ते खालच्या अधिकाऱ्यावर सोडायचं. आज अनेक सैन्यदलांत हेच शिकवलं जातं. मी स्वतः ते शिकवलं आहे. आणि तोच मी गोदामात येऊन धक्क्याचा नंबर, गाडीचा क्रम, खोक्याची जागा, सगळं सांगत सुटलो. आधी ‘का’ सांगून थांबलो असतो, तर मामांनीच मला ‘कसं’ सांगितलं असतं. मला कडक म्हणणाऱ्यांना मी शिस्तीचा वाटलो. खरं म्हणजे मी धास्तावलेलो होतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं एक संशोधन तुमच्या प्रत्येक वर्गात सांगावं असं आहे. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या तुकड्यांकडून चुका कमी होत असतील असा त्यांचा अंदाज होता, पण आकडे उलटे आले. चांगल्या तुकड्यांच्या नावावर नोंदलेल्या चुका जास्त होत्या. शोध घेतल्यावर दिसलं की तिथे माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणाने सांगत होती. वाईट तुकडीत शांतता होती. आमच्या गोदामात पहिले तीन महिने एकही तक्रार नोंदली गेली नव्हती आणि मी तो आकडा अभिमानाने वरिष्ठांना दाखवला होता.

आणि आपल्याकडे याचं औषध आधीपासून आहे. मोहिमेनंतर किंवा सरावानंतर सगळ्यांनी गोल करून बसायचं, काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं, हे चार प्रश्न घ्यायचे. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात ही पद्धत रुजवली आणि ती पुढे इतरत्र पसरली. तिचा जीव एका नियमात आहे : त्या गोलात हुद्दा बाजूला ठेवायचा, आणि तुकडीप्रमुखाने आपली चूक आधी सांगायची. मी दर शुक्रवारी वीस मिनिटं हे गोदामात सुरू केलं. पहिल्या तीन शुक्रवारी मी एकटाच बोललो, स्वतःच्या चुका सांगत. चौथ्या शुक्रवारी एका हमालाने सांगितलं की सुरक्षा बूट ओल्या फरशीवर घसरतात. चार महिने तो घसरत होता.

आता मागण्या. मी प्रशिक्षक नाही, तरी अनुभवाच्या जोरावर मागतो.

भावनिक बुद्धिमत्तेवर भाषण ठेवू नका. घटकांचा तक्ता पडद्यावर दाखवून कोणी बदलत नाही. स्वतःबद्दल भरायची प्रश्नावली तर मुळीच देऊ नका. बरोबर खूण कुठे करायची हे आम्हाला पाहताक्षणी कळतं, आणि राग ज्याला दिसत नाही तो ‘माझा रागावर ताबा आहे’ यावर प्रामाणिकपणे पूर्ण गुण देईल. म्हणून तर मेयर, सॅलोवी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड करूसो यांनी प्रत्यक्ष सोडवायचे प्रश्न असलेली चाचणी बनवली.

त्याऐवजी बाहेर नोकरी करणारी खरी माणसं वर्गात आणा. कारखान्यातली पर्यवेक्षक, रुग्णालयातली परिचारिका, कचेरीतला कारकून. त्यांना मानधन द्या आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला त्यांच्यासमोर बसवा. एक जण तोंडाने ‘हो’ म्हणेल आणि मनात ‘नाही’ असेल. दुसरा सूचना मानायला नकार देईल, आणि त्याचंच बरोबर असेल. तिसरा काही न सांगता डोळे पुसेल. या तीन भेटी चित्रित करा आणि त्या माणसाला त्याचं चित्रण आधी आवाज बंद करून दाखवा. शब्द आम्ही लवकर सुधारतो. हात, पाय, मिटणारी फाइल, घड्याळाकडे गेलेली नजर हे आवाज बंद असतानाच दिसतं. त्यानंतर समोर बसलेल्या माणसाला विचारा की त्याला आतून काय वाटलं, आणि प्रशिक्षणार्थ्याला उत्तर द्यायची बंदी घाला. नुसतं ऐकू द्या.

हे अधिकाऱ्यांपुरतं ठेवू नका. सार्जंट दर्जाची माणसं बाहेर पडून चाळीस-पन्नास जणांच्या पाळीची जबाबदारी घेतात आणि त्यांच्या वाट्याला माणसांशी थेट संबंध आमच्यापेक्षा जास्त येतो. माणसं वाचण्यात ती आमच्याहून सरसही असतात. त्यांना फक्त एवढंच सांगायला हवं की तंबूतंबूतून फिरणारा सार्जंट आता तुमच्या हाताखाली नाही, ते फिरणं तुम्हालाच करायचं आहे.

आणि नोकरी लागल्यावर चौथ्या महिन्यात आम्हाला दोन दिवसांसाठी परत बोलवा. वर्गात असताना हे सगळं पटतं, पण त्याची गरज तेव्हा नसते. पहिले दोन महिने नवलाईत जातात. तिसऱ्यात पाटी अडकते. तेव्हा शेजारी कोणी नसतं, आणि घरी सांगायला लाज वाटते.

एक सीमा सांभाळा. ज्याची झोप उडाली आहे, जो दार आपटलं तरी भिंतीला पाठ लावतो, ज्याला समोरच्याच्या साध्या भुवईत धोका दिसतो, त्याला संवादकौशल्याचं प्रशिक्षण देऊन चालणार नाही. आघातोत्तर तणाव हा १९८० पासून वैद्यकीय वर्गीकरणात मान्य असलेला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या प्रशिक्षकाला हा फरक ओळखता यायला हवा, आणि त्या माणसाला कमीपणा न वाटता डॉक्टरकडे पोचवायची वाट तुमच्याकडे तयार असायला हवी. माझ्या बॅचमधल्या एकाला ‘स्वभाव सुधारण्याच्या’ तीन कार्यशाळांना पाठवलं गेलं. त्याला पहिल्याच दिवशी डॉक्टर हवा होता.

त्या हिशेब विभागातल्या मुलीला मी दोन वर्षांनी पत्र लिहिलं. माफी मागितली, कारण दिलं नाही. तिने दोन ओळींचं उत्तर पाठवलं, ते माझ्याजवळ आहे आणि ते तिचं असल्याने इथे लिहीत नाही.

तुम्ही बोलवाल त्या तुकडीसमोर मी येईन. मानधन नको. मामांनाही विचारलं आहे. समोर बसून ‘हो सर’ म्हणायचं आणि मग खरं काय ते सांगायचं, एवढंच काम आहे म्हणालो. ते तयार आहेत. फक्त शनिवार ठेवू नका म्हणाले. शनिवारी गाड्या जास्त असतात आणि तीन नंबरच्या धक्क्यावर नवीन पोरगा असतो, त्याच्याजवळ त्यांना थांबायचं असतं.

आपला नम्र,
एक निवृत्त अधिकारी